मागच्या गड्याच्या चालीनं

नागपूर, 12 मे

चि. बाबू,



परवा तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, "दादा, पोरगा पहाटे साडेचारला उठून रोडवर पळतो. परीक्षा नाही, भरती नाही. तुम्हीच विचारा त्याले काय झालं ते." मी हसलो. मग तू पाठवलेला फोटो पाहिला. पाच पोट्टे, घामानं थबथबलेले, मागं संत्र्याची बाग आणि खाली लिहिलेलं, 'आठ किलोमीटर, 47 मिनिटं'. खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसरा निरोप आला. नवतपातल्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांतल्या, पहिल्या शनिवारी तुम्ही पाचही जण लोधीखेड्याहून जामसावळीच्या मारुतीपर्यंत पळत जाणार, आणि जो शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांना नाश्ता द्यायचा. तो वाचून हे पत्र लिहायला बसलो. फोनवर बोललो असतो तर 'हो मोठे बाबा, हो मोठे बाबा' म्हणून तू दोन मिनिटांत मोकळा झाला असतास.

पळणं सोड असं मी सांगणार नाही. तुमच्या वयात मीही त्याच धुळीत पळलोय. तेव्हा गावात हौसेनं पळणारं कुणी नव्हतं. पळताना दिसलो की लोक विचारायचे, "काऊन रे, बैल सुटला का?" आमचं वेड सुरू झालं 1982 च्या दिल्लीच्या एशियाडनंतर. रेडिओला कान लावून पी. टी. उषाचं नाव ऐकलं आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पाच जण पळायला लागलो. तुझ्यासारखेच पाच. बूट दोघांकडेच होते. छिंदवाड्याची छोटी लाईन तेव्हा चालू होती, आणि स्टेशनातून निघालेली गाडी वेग घेईपर्यंत तिच्या बाजूनं धावायचं हा आमचा खेळ. ती गाडी इतकी सावकाश निघायची की पहिली काही मिनिटं आम्हीच जिंकायचो. डब्यातले लोक खिडकीतून हात हलवायचे. 2015 साली ती बंद पडली, आता मोठी लाईन आहे. तिच्याशी शर्यत लावायचं मनातही आणू नका.

उन्हाळ्यातल्या पहाटेची गंमत तुला सांगायला नको. एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडलेली असतात, त्यांचा तो गोडूस, जरासा आंबलेला वास. रात्रभर पाणी सुटलेल्या बागेजवळून जाताना अंगाला एकदम गार हवा लागते आणि पन्नास पावलांवर पुन्हा कोरडी धग. एकट्यानं पळताना हे सगळं असतंच, पण ते कुणाला दाखवता येत नाही. मित्र असले की साडेचारला उठवणारं कुणीतरी असतं, कुणाच्या तरी घरच्या कुत्र्याची भीती पाचांत वाटली जाते, आणि परतताना टपरीवरच्या चहाला चव येते. नागपुरात मी अंबाझरीच्या काठानं एकटा चालतो, तेव्हा मला आठवण येते ती त्या टपरीची.

पण उन्हाळा आणि मित्र हे दोन्ही एकत्र आले की माणूस आपल्या अंगाचं ऐकत नाही. एकटा असतास तर छातीत धडधड वाढल्यावर थांबला असतास. चौघांच्या देखत थांबत नाहीस. मीही थांबलो नव्हतो, आणि त्याहून वाईट म्हणजे जो थांबला त्याच्यासाठीही थांबलो नव्हतो. ती हकीकत तुझ्या वडिलांनाही पुरती माहीत नाही.

1983 चा मे. आम्ही सातनूरकडं पळत निघालो होतो. निघायला उशीर झाला, कारण आदल्या रात्री लग्नाची पंगत होती. सहाला निघालो, म्हणजे सूर्य वर आलेलाच. पैज तुमच्यासारखीच: शेवटच्यानं चहा पाजायचा. आमच्यातला पाचवा अंगानं जरा भारी होता. हसरा, गोष्टी सांगणारा. चहाचे पैसे नेहमी तोच द्यायचा आणि आम्हाला त्यात मजा वाटायची. त्या दिवशी परतताना तो मागं पडला. वळून पाहिलं तर लांब दिसत होता. म्हटलं येईल. टपरीवर पोचून चार कप सांगितले आणि त्याची वाट पाहत बसलो. चहा संपला तरी तो आला नाही.

शेवटी उलट गेलो. तो एका बाभळीखाली बसला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. मला त्यानं त्याच्या भावाच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "गाय बांधली का?" त्याच्या घरी गाय नव्हती. आम्ही हसलो, बाबू. तो गंमत करतोय असं वाटून आम्ही हसलो. मग त्यानं उठायचा प्रयत्न केला आणि तोंडावर पडला. जवळच्या वावरात मोटर चालू होती. तिथल्या म्हाताऱ्यानं आम्हाला बाजूला सारलं, त्याला उचलून सरळ पाण्याच्या धारेखाली धरलं आणि आम्हाला शिव्या घालत राहिला. त्या धारेनं तो वाचला. पंधरा दिवसांत बराही झाला. पण आमच्याबरोबर पुन्हा पळायला आला नाही. भांडण झालं नाही. पहाटे हाक मारायला गेलो की दार उघडायला त्याची आई यायची, एवढंच.

त्याला काय झालं होतं ते मला पुढं बऱ्याच वर्षांनी नीट समजलं. पळताना आपण खर्च करतो त्या ताकदीतला जेमतेम पाव हिस्सा पाय उचलायला लागतो, बाकीची नुसती उष्णता होते. साठ किलोचा पोरगा एक किलोमीटर पळला की साधारण साठ किलोकॅलरी जाळतो. म्हणजे दहा किलोमीटरला सहाशे, आणि त्यातली साडेचारशे अंगात उष्णता म्हणून साठणार. ती बाहेर काढायला पाऊण लिटरच्या वर घाम लागतो, आणि तो नुसता येऊन भागत नाही, अंगावरून वाळावा लागतो. आपल्या घरच्या माठासारखंच हे. पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून आतलं गार राहतं.

आता बघ, आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही. कपाळावर मिठाची पांढरी रेघ दिसते तेवढीच. म्हणून पाणी किती गेलं याचा अंदाज चुकतो. तुझ्या मित्राच्या घरी संत्री तोलायचा काटा आहे ना? निघताना आणि आल्यावर त्यावर उभे राहा. एक किलो कमी भरलं तर एक लिटर पाणी गेलं असं समजायचं. पण म्हणून घरी येऊन दोन-तीन लिटर साधं पाणी घटाघट ढोसू नका, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तोही जिवावरचा खेळ आहे. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, सपाट मोजून. किंवा मीठ घातलेलं पन्हं, ताक. खिशात कांदा ठेवला तर लू लागत नाही असं तुझी आजी म्हणायची. ठेव हवा तर, पोह्यात कामाला येईल.

आणि मृग लागला, दोन सरी पडल्या की आता गार झालं म्हणून दुप्पट पळायला जाल, तेव्हा कूलर आठवा. त्या दिवसांत घरचा कूलर का काम करत नाही? हवेतच पाणी भरलेलं, तर ताटीतलं पाणी वाळणार कुठं? अंगावरच्या घामाचंही तेच होतं. एप्रिल 2023 मध्ये खारघरला उघड्या मैदानावरच्या सोहळ्यात उष्माघातानं चौदा माणसं गेली. तिथं पारा चाळिशीच्याही खाली होता आणि लोक पळत नव्हते, बसलेले होते. नुसता आकडा बघून ऊन ओळखता येत नाही.

तू म्हणशील, आम्हाला सवय झालीय. होते, सवय होते, ती खोटी नाही. रोज थोडं थोडं पळालं तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी शांत राहते. पण तुमच्या पाचांतला एक आठवडाभर लग्नाला बालाघाटला गेला होता ना? आणि एकाला गेल्या आठवड्यात ताप होता. त्या दोघांची सवय तुमच्याइतकी नाही, आणि पैज मात्र सगळ्यांना सारखी.

थांबायची लाज वाटते, त्यावर एक गोष्ट सांगतो. 1912 साली स्टॉकहोमला ऑलिंपिकची मॅरेथॉन कडक उन्हात झाली. निघालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे शेवटापर्यंत पोचलेच नाहीत. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो, त्यानं ऊन लागू नये म्हणून अंगाला मेण चोपडलं होतं म्हणतात. घामाची वाटच बुजली. तो रस्त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. त्याला घेरी आली, एका कुटुंबानं त्याला आपल्या बागेत नेऊन सावरलं, आणि तो कुणाला न सांगता सरळ घरी निघून गेला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ता. शेवटी 1967 साली त्याला बोलावून ती शर्यत पुरी करून घेतली. वेळ लागला चोपन्न वर्षं, आठ महिने, सहा दिवस आणि वर काही तास. मधल्या काळात तो आणखीही शर्यती धावला. 1920 च्या अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये तो सोळावा आला. आणि त्याच शर्यतीत एकोणिसावा कोण? आपल्या बेळगावचा फडेप्पा चौगुले, 2 तास 50 मिनिटांत. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं बघून दोराबजी टाटांनी जो पहिला संघ पाठवला, त्यातला तो. बागेतून सरळ घरी गेलेल्या माणसाला आठ वर्षांनी त्याच्याबरोबर धावायला मिळालं. लाझारोला मिळालं नाही.

म्हणून माझं ऐक. जामसावळीला जा, पण नवतपात नको. मारुती कुठं जात नाही. दिवाळीनंतर, गारठ्यात जा, मी जीप घेऊन मागून येतो. या दिवसांत साडेचारला निघा, सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात घरी. संध्याकाळी जाऊच नका, सातला डांबर अजून भाजत असतं. नागपूर रोडवर ट्रकांच्या गर्दीत पळण्यापेक्षा बागांमधला कच्चा रस्ता धरा. घड्याळाचा आकडा टाकायचाच असला तर पावसाळ्यानंतर टाका. मे महिन्यात पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप न लागता. जो बोलायचा थांबला, चिडचिडा झाला, उन्हात अंगावर काटा आला म्हणाला, किंवा विचारलं एक आणि सांगितलं भलतंच, त्याला सावलीत न्या, शर्ट काढा, असेल तेवढं पाणी अंगावर ओता, दुपट्टे ओले करून वारा घाला, आणि 108 ला फोन करा. घाम येतोय म्हणजे ठीक आहे असं धरू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. आणि हसायचं नाही.

पैज मोडू नका, उलटी करा. जो सगळ्यांच्या पुढं पळून आला, त्यानं नाश्ता द्यायचा. आम्हाला हे एकोणिसाव्या वर्षी सुचायला हवं होतं. गुरं घेऊन जाणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं की कळप मागच्या वासराच्या चालीनं न्यायचा असतो.

फोटोत डावीकडं जो जरा मागं उभा आहे, गुडघ्यावर हात ठेवून, त्याचं नाव तू सांगितलं नाहीस. तो कोण? त्याला माझा नमस्कार सांग. उद्यापासून त्याला सगळ्यांच्या पुढं ठेवा, आणि त्याच्या पुढं कुणी जायचं नाही.

मी येत्या रविवारी गावी येतोय. रात्री मुक्काम. सोमवारी पहाटे मलाही उठव. तुमच्याबरोबर टपरीपर्यंत तरी येईन.

तुझे,
मोठे बाबा

ता. क. : आईला सांग, कैऱ्या उकडून ठेव, गूळ मी इथून आणतो. आणि तुझ्या त्या बाटलीचं झाकण गळतं, ती टाकून दे.