‘इलेक्ट्रोफोरेसिस’ हा शब्द कसा तोडावा, कसा उच्चारावा?

गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलची तपासणी झालेल्या बऱ्याच घरांत हा शब्द रिपोर्टवर छापून येतो. साध्या विद्राव्यता चाचणीत दोष दिसला, की पक्के निदान ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’ने करतात.

इंग्रजी उच्चारात या शब्दाचे सहा अवयव पडतात : इ-लेक्-ट्रो-फ-री-सिस्. मुख्य आघात पाचव्या ‘री’वर, दुय्यम दुसऱ्या ‘लेक्’वर. मराठीत अक्षरे साधारण सारख्याच वजनाने बोलली जातात, म्हणून आपल्याकडे ‘फोरेसिस’ असे सपाट ऐकू येते. इंग्रजीत मात्र आघाताचे अक्षर लांबते आणि शेजारचे आक्रसते. ‘फो’चा जवळजवळ ‘फ’ होतो तो त्यामुळेच. हा ‘फ’ही ‘फळ’मधला नव्हे, वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढायचा.

मराठी लेखनात ‘क्ट्रो’ हे एकच जोडाक्षर दिसते. तोडताना त्यातला ‘क्’ मागच्या ‘ले’कडे जातो. घोटाळा होतो तो बहुतेक इथेच. अर्थाच्या दृष्टीने जोड वेगळा आहे : ‘इलेक्ट्रो’ म्हणजे विजेचा, ‘फोरेसिस’ म्हणजे ग्रीकमध्ये वाहून नेणे. काम तसेच चालते. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार कमी-अधिक वेगाने सरकतात. अल्कधर्मी माध्यमात सिकलसेलचा ‘एस’ हा नेहमीच्या ‘ए’च्या मागे राहतो. वाहकाच्या रक्तात दोन्ही पट्टे उमटतात.

विशेषण करताना आघाताचे अक्षर तेच, पण स्वर बदलतो : इ-लेक्-ट्रो-फ-रे-टिक्. इथे ‘रे’ आखूड.