नंबर वाढतोय, पण डोळ्यात नेमकं काय बदलतंय?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, डोंबिवलीहून ठाण्याच्या कॉलेजात जातो. दीड वर्षात चष्मा तिसऱ्यांदा बदलला. तरी घरी येताना इंडिकेटरवर कर्जत आहे की कसारा, हे मित्रांना विचारावं लागतं. दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून आणला, पण डॉक्टर म्हणाले, ‘टोपोग्राफी करून घ्या.’ सासूबाई म्हणतात, मोबाइल बंद करा. शेजारी म्हणतात, अठरा पूर्ण झाली की लेझरने नंबर काढून टाका. कुणाचं ऐकावं?
– एक आई, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : चष्मा एक आणि सल्लागार अनेक! आधी डॉक्टरांचं ऐका. सासूबाईंचंही थोडं बरोबर आहे, ते पुढे सांगतो.

लांबचं धूसर दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे निकटदृष्टिता, आपला मायनस नंबर. डोळ्याचा गोळा पुढून मागे जरा जास्त लांब झाला की प्रकाशकिरण आतल्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात. लांबी एक मिलिमीटरने वाढली, तर नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. वाढत्या वयात डोळाही वाढतो, म्हणून शाळा-कॉलेजच्या वर्षांत नंबर बदलणं नवलाचं नाही. मायनस दोन असलेल्याला चष्म्याविना अर्ध्या मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, त्यापुढे नाही. म्हणून वही ठीक, फळा धूसर. मूल डोळे बारीक करतं, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतं. मात्र योग्य काच लावली की तक्त्यावरची ६/६ ची ओळ ते सहसा धडाधड वाचतं.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण दुसरी शक्यता इथेच वेगळी पडते. डोळ्याच्या दर्शनी भागात पारपटल (कॉर्निया) असतं. डोळ्याच्या किरण वळवण्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक) शक्तीपैकी ४३ च्या आसपास एकट्या पारपटलाची, आणि मध्यभागी त्याची जाडी मात्र अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच जास्त. काही जणांचं पारपटल किशोरवयात कमकुवत होऊन पातळ होतं आणि सायकलच्या ट्यूबला कच्च्या जागी फुगा यावा तसं पुढे येतं. हा केरॅटोकोनस. इथे मायनस नंबर वाढतोच, पण सिलिंडरचा (तिरका) नंबर त्याहून भरभर चढतो, त्याचा अक्ष बदलत राहतो, बहुधा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बिघडतो आणि नवा कोरा चष्मा लावूनही खालच्या ओळी नीट लागत नाहीत.

फलाटावर मुलाला चष्मा लावून एकेक डोळा झाकायला सांगा. इंडिकेटरची अक्षरं नुसती धूसर दिसत असतील, तर कदाचित नंबरच कमी पडतोय. एका डोळ्यानेही अक्षराला शेपटी फुटलेली किंवा सावली पडलेली दिसत असेल, तर पारपटलाची शंका घ्यावी. हे निदान नव्हे. डॉक्टरांना सांगायला एक नेमकी गोष्ट मिळते, इतकंच.

मग दुकानातल्या कॉम्प्युटरला हे कळलं नाही का? त्या यंत्रात हनुवटी टेकवून रस्त्याच्या टोकाचा रंगीत फुगा बघायचा असतो. तेवढ्या वेळात यंत्र नंबर मोजतं, तो का वाढला हे सांगत नाही. शिवाय लहान मुलं नकळत डोळ्यावर ताण देतात आणि मायनस नंबर फुगून येतो. म्हणून डॉक्टर थेंब घालून हा ताण सैल करतात, त्याने बाहुलीही मोठी होते, आणि अंधाऱ्या खोलीत डोळ्यावरून प्रकाशाची पट्टी फिरवतात. केरॅटोकोनसमध्ये आतून परतणारी पट्टी सरळ न सरकता मधोमध दुभंगते. टोपोग्राफीत पारपटलाच्या उंचसखलपणाचा रंगीत नकाशा निघतो. काही यंत्रं जाडीही मोजतात. सुरुवातीचा केरॅटोकोनस नुसत्या तपासणीत निसटू शकतो, या नकाशात तो सापडतो. तपासणी दुखत नाही, काही मिनिटांत उरकते. मुलगा कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवायला हवी.

‘असले आजार आपल्याकडे कुठले?’ असंही कुणी म्हणेल. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांची पाहणी झाली होती, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असेल तर केरॅटोकोनस धरायचा, या निकषाने प्रमाण २.३ टक्के निघालं. एकाच मापावर बेतलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण आजार कानाआड टाकण्याइतका विरळाही नाही.

लेझरचं म्हणाल तर ही शस्त्रक्रिया पारपटल तासूनच नंबर घालवते. आधीच पातळ झालेलं पारपटल तासलं तर ते आणखी फुगू शकतं. म्हणून वय अठरा असो की अठ्ठावीस, लग्नाची घाई असो वा नसो, टोपोग्राफीशिवाय लेझर नाही. केरॅटोकोनस निघाला आणि वाढत असला, तर रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून पारपटल घट्ट करतात. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. ते आजाराला आवर घालतं, चष्मा घालवत नाही. स्पष्ट दिसण्यासाठी पुढे खास कडक लेन्स लागू शकते. पारपटल बदलण्याची वेळ थोड्यांवरच येते.

आता सासूबाई. मोबाइलमुळे केरॅटोकोनस होत नाही. पण मुलं रोज दोनेक तास घराबाहेर उजेडात असली, तर मायनस नंबर लागण्याची शक्यता कमी होते, हे अभ्यासांतून दिसलं आहे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा मात्र निव्वळ गैरसमज. मुद्दाम कमी नंबरची काच देऊनही तो थांबत नाही.

तेव्हा टोपोग्राफी करून घ्या. जाताना चष्म्याचे जुने सगळे कागद न्या. सिलिंडर कसा चढला, हे डॉक्टरांना त्यांवरून लगेच दिसेल. मुलगा डोळे चोळतो का, तेही पाहा. ॲलर्जीची खाज आणि सततचं चोळणं यांचा केरॅटोकोनसशी जवळचा संबंध आहे. खाजेवर डॉक्टरांकडून औषध घ्या. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नका. नकाशात काही निघालं नाही, तर नवीन चष्मा करा आणि निर्धास्त राहा.