सर्किट बोर्डाची कल्हई

पूर्वी आपल्या घरोघरी तांब्या-पितळेची भांडी असत. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकत असे. मग कल्हईवाला येई, भांडे तापवून त्यावर नवसागर फिरवी आणि कथलाचा पातळ थर चढवी. हीच युक्ती आज दूरदर्शन संच, संगणक व मोबाईलच्या कारखान्यांत वापरली जाते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सर्किट बोर्डावर तांब्याच्या पट्ट्या असतात. त्यांवर सुटे भाग सोल्डरने, म्हणजे डाख देऊन बसवतात. उघड्या तांब्यावर हवेमुळे ऑक्साईडचे पुट चढते. अशा जागी वितळलेले सोल्डर पसरत नाही, त्याची गोळी होते व सांधा कच्चा राहतो. पुट काढण्यासाठी फ्लक्स लावतात. पुट जितके जाड, तितका फ्लक्स तीव्र आणि मागे उरणारा चिकटा धुणे तितके अवघड.

हा चिकटा धुण्यासाठी एके काळी सी.एफ.सी.-११३ हे द्रावण सर्रास वापरत. त्याने ओझोनच्या थराची हानी होते. म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत १९९६ पासून व विकसनशील देशांत २०१० पासून सी.एफ.सी.चे उत्पादन जवळजवळ थांबले. तेव्हा मळ धुण्यापेक्षा तो चढूच न देणे श्रेयस्कर, हा विचार बळावला. तांबे स्वच्छ राहिले तर सौम्य फ्लक्स पुरतो आणि पुष्कळदा बोर्ड धुवावाही लागत नाही.

संरक्षक थरांचे मुख्य प्रकार असे :

१) सोल्डरचा थर : बोर्ड वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून जादा धातू गरम हवेच्या झोताने उडवतात. हीच खरी कल्हई.

२) निकेल-सोने : काही मायक्रॉन निकेल व त्यावर अतिशय पातळ सोने. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) सोने सोल्डरमध्ये विरघळते, सांधा जुळतो तो निकेलशी. सोने केवळ राखणदार!

३) चांदी : सपाट व चांगला थर, परंतु हवेतील गंधकाने काळा पडतो.

४) कथील : स्वस्त, पण काळाच्या ओघात खालच्या तांब्याशी मिसळत जाते. म्हणून असे बोर्ड फार दिवस साठवू नयेत.

जुन्या सोल्डरमध्ये कथलाबरोबर शिसे असे व ते १८३ अंश सेल्सिअसला वितळे. शिसे विषारी असल्याने युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंत त्यावर निर्बंध घातले. शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश उष्णता लागते. त्यामुळे चांगल्या थराचे महत्त्व अधिकच वाढले.

आपल्यातील अनेक मुले-मुली आय.टी.आय. करून या कामाला लागतात. त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. बोर्ड कडेने धरावा, कारण बोटांच्या घामानेही थर बिघडतो. राळयुक्त फ्लक्सचा धूर नाकात जाऊ देऊ नये, त्याने दमा जडू शकतो. आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये. सांध्याची स्वच्छता जितकी मोलाची, तितकाच तो जोडणाऱ्याचा श्वासही मोलाचा आहे.