इंदूरचा सराफा : कधी जावे, काय खावे?

प्रश्न : इंदूरच्या सराफ्यात खायला कधी जावे आणि सुरुवात कशाने करावी?

उत्तर : होळकरांच्या राजवाड्याजवळचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री पेढ्यांची शटर ओढली, की त्यांच्याच पुढ्यात खाऊची दुकाने थाटली जातात. नऊच्या आधी पोहोचण्यात फारसा अर्थ नाही; खरी वर्दळ दहानंतर, ती मध्यरात्र उलटेपर्यंत.

सुरुवात भुट्ट्याच्या किसाने करावी. कोवळी कणसे किसून जिरे-मोहरीच्या फोडणीत परततात, दुधात शिजवतात आणि वर लिंबू, कोथिंबीर घालतात. गोडसर, तिखट, मऊ असा हा पदार्थ इथला सर्वांत अस्सल म्हणावा लागेल. हिवाळ्यात गराडू मिळतो : कोनफळाच्या जातीचा हा कंद तुकडे करून खरपूस तळतात, वर जिरावण मसाला भुरभुरतात. उन्हाळ्यात गेलेल्याने त्याची आशा धरू नये.

गोडाची घाई नको. ताटलीएवढा जलेबा किंवा मावाबाटी एकट्याने संपवली, तर पुढचे सारे राहून जाते. दोघातिघांत एक पुरे. शिकंजी म्हणजे लिंबू सरबत समजू नये, इंदुरी शिकंजी दाट दुधाची असते.

गल्ली अरुंद आहे, वाहन लांब ठेवून पायीच जावे. रात्रीचे जागरण झेपत नसेल, तर दिवसा छप्पन दुकान ही इंदूरचीच दुसरी खाऊगल्ली गाठावी.