वाचलेल्या सहा महिन्यांचं काय करशील?

जळगाव,
१३ जुलै २०२५

चि. वैष्णवी,



परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, ऑनलाइन कोर्सची परीक्षा देऊन क्रेडिट मिळतात म्हणे. मग बी.कॉम. तीन वर्षांच्या आत उरकता येईल का?" तेव्हा तुमच्या खताच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तू फोन ठेवलास, ते बरंच झालं. हिशेबाची गोष्ट तोंडी बोलण्यापेक्षा कागदावर बरी. माझी नोकरी कॉलेजच्या परीक्षा विभागात गेली, त्यामुळे या बाबतीत मी जरा लांबण लावणार. सवडीने वाच.

आधी सरळ उत्तर. हो, लवकर होता येतं. पण तीन वर्षांच्या पदवीत फार तर एक सेम वाचतं. याहून जास्त कोणी सांगत असेल तर तो तुला फसवतो आहे. पाचोऱ्याच्या स्टँडजवळ 'एका वर्षात पदवी, एकाच बैठकीत परीक्षा' असा बोर्ड वाचल्याचं तू म्हणालीस. त्या जिन्याची पायरीसुद्धा चढू नकोस. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला किंवा कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी जाहीर करतो. असल्या कागदावर नोकरी लागलीच, तरी पडताळणीच्या दिवशी ती जाते आणि वर गुन्हा दाखल होतो.

आता खरी सोय कोणती ते सांगते. आयोगाने २०२४ च्या अखेरीस गतिमान पदवीला मान्यता दिली आणि एप्रिल २०२५ च्या नियमावलीत ती आली. तीन वर्षांची पदवी पाच सेममध्ये आणि चार वर्षांची सहा किंवा सात सेममध्ये पूर्ण करता येते. अभ्यासक्रम तोच, एकूण क्रेडिटही तेवढेच. फक्त दर सेमला जास्त उचलायचे. पहिल्या किंवा दुसऱ्या सेमच्या शेवटी अर्ज करायचा, समिती आधीचे गुण पाहून ठरवते आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंतच मुलं घेता येतात. सरकारी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला ही पदवी नेहमीच्या पदवीइतकीच चालते. मात्र ही सोय देण्याची कॉलेजांना मुभा आहे, सक्ती नाही. तुझं दुसरं सेम आत्ताच संपलं, तेव्हा विचारायचं असेल तर याच महिन्यात विचारावं लागेल.

परीक्षेच्या जोरावर शिकण्याची आपल्याकडे जुनी वाट आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, तेव्हा ते स्वतः शिकवत नव्हतं. शिकवायची कॉलेजं, विद्यापीठ परीक्षा घेऊन पदवी द्यायचं. पुढे बहिःस्थ विद्यार्थी आले. दिवसा शाळेत शिकवून रात्री अभ्यास करणारे मास्तर, लग्नानंतर घरी बसून बी.ए. करणाऱ्या बाया. १९९० मध्ये जळगावचं विद्यापीठ झालं. त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, तेव्हाही हे चालायचंच. बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरणारी मुलं तर तुझ्याही ओळखीची असतील. पण या सगळ्यांत वाचायची ती हजेरी. वर्षं तेवढीच लागायची. परीक्षा देऊन वर्षच कमी करणं ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे.

अमेरिकेत ती जुनी आहे. तिथे कॉलेज बोर्ड १९६७ पासून क्लेप नावाच्या परीक्षा घेतं. बहुतेक पेपर दीड तासाचे, २० ते ८० गुणांच्या मोजपट्टीवर, आणि साधारण ५० मिळाले की पुष्कळ कॉलेजं त्या विषयाचे क्रेडिट देऊन टाकतात. तिकडच्या मराठी घरांतली मुलं शाळेतच एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, पेपर देतात आणि काही क्रेडिट खिशात घालूनच कॉलेजात जातात. तिथेही किती क्रेडिट घ्यायचे ते प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं. पण त्यांच्या घाईमागचं कारण लक्षात घे. तिथे एका सेमची फी लाखांत जाते, म्हणून सेम वाचलं की पैसा वाचतो. भडगावच्या तुझ्या कॉलेजातल्या बी.कॉम.ची फी तुला ठाऊक आहे. त्यांचा पैसा वाचतो, तुझं फार तर वय वाचेल. आणि वाचलेलं वय कुठे वापरता येईल, हे आधी पाहायला हवं.

त्याआधी श्रम मोजू. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आहेत. सेमला २२ धर. तुझे ४४ जमा झाले, ८८ उरले. चार सेममध्ये ते आरामात बसतात. तीनमध्ये बसवायचे तर सेमला २९-३०, म्हणजे दर सेमला सात-आठ जास्त. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा एका क्रेडिटमागे ३० तासांचं शिकणं धरतो. वर्ग, वाचन, सराव, परीक्षा सगळं त्यात आलं. साडेसात क्रेडिटचे सव्वादोनशे तास झाले. सेमचे पंधरा आठवडे धरले तर कॉलेज सोडून आठवड्याला पंधरा तास. रविवारसुद्धा रोज दोन तासांच्या वर. आता तुझं वर्ष डोळ्यांसमोर आण. जुलै-ऑगस्टमध्ये दुकानात युरिया-डीएपीची झुंबड, तू गल्ल्यावर. दसऱ्यापासून कापसाची वेचणी. दिवाळीच्या आगेमागे सेमची परीक्षा आणि त्याच सुमारास ऑनलाइन कोर्सची. हे पंधरा तास कुठून काढशील ते मला आकड्यांत लिहून पाठव. 'करेन कसंही' हे उत्तर मी धरणार नाही.

समज, काढलेस तास. पुढे काय? पाचवं सेम २०२६ च्या अखेरीस संपेल. एम.कॉम.चे प्रवेश आपल्याकडे उन्हाळ्यानंतरच होतात. वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश द्यायची मुभा आयोगाने दिली आहे, पण तीही मुभाच. तू लवकर पोचशील आणि दाराबाहेर सहा महिने बसशील, मग तुझ्याच वर्गातल्या मैत्रिणींबरोबर आत जाशील. यूपीएससीचं म्हणशील, तर तिथे परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला २१ पूर्ण लागतात आणि शेवटच्या वर्षाला असतानाही पूर्व परीक्षा देता येते. तिथे घाईने हाती काहीच लागत नाही.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हे सहा महिने खरे कामाला येतील. आयबीपीएसच्या बँक परीक्षा. वयाची अट साधारण २० पासून, आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत पदवीचा निकाल हातात लागतो; शेवटच्या वर्षाला आहे म्हणून चालत नाही. सहाव्या सेमचा निकाल जूनमध्ये लागला तर ठीक, लांबला तर त्या वर्षीचा अर्ज हुकला. निकालाची वाट बघत खिडकीशी उभी राहिलेली मुलं मी नोकरीत दर साल पाहिली. पाच सेममध्ये सुटलेल्या मुलीला ही धाकधूक नाही, शिवाय तयारीला उन्हाळा मोकळा. बँकेचं तुझ्या मनात पक्कं असेल तर मी तुला अडवणार नाही, उलट अर्जाचा मसुदा करून देईन.

दुसरी बाजूही ऐक. हिशेबात तुझं डोकं चालतं, म्हणून सीएचा विचार तू कधीतरी करशीलच. बी.कॉम.ला ५५ टक्के असले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नाव घालता येतं. घाईत तीस-तीस क्रेडिट ओढताना टक्केवारी ५४ वर आली, तर सहा महिने कमावण्याच्या नादात एक अख्खी परीक्षा अंगावर येईल. उतावळेपणाने असा तोटा झालेली मुलं हुशारच होती.

आणि जे तुझी आई बोलणार नाही ते मी बोलते. आपल्या घरांत मुलीची पदवी हातात आली की दुसऱ्या दिवशी बायोडाटा छापायला जातो. कॉलेज चालू आहे हे उत्तर पाहुण्यांना पुरतं. रिकामी बसली आहे हे कळलं की पुरत नाही. लवकर सुटायचं असेल तर सुटल्यावर कुठे जायचं ते आधी ठरलेलं हवं आणि घरात बोललेलंही हवं. तुझे पप्पा समजूतदार आहेत, पण त्यांनाही चार लोक विचारतातच.

म्हणून माझा सल्ला असा. बँकेचं ठरलं नसेल तर पदवी लवकर उरकायच्या मागे लागू नकोस, पण क्रेडिटच्या परीक्षा सोडूही नकोस. त्यांचा उपयोग वेगळा कर. दुकानाची खतावणी, उधारीच्या वह्या, टॅली, जीएसटीचे रिटर्न तू दोन वर्षं सांभाळते आहेस. अकाउंट्सचा निम्मा अभ्यास तुझा गल्ल्यावर झालेला आहे. स्वयं या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर त्या विषयाचा पदवीचा कोर्स निवड. नाव घालायला पैसे नाहीत, फी फक्त परीक्षेची. घरून द्यायच्या स्वाध्यायांना ३० टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७० टक्के वजन असतं. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत किंवा हिंदीत असतात, त्याचा धसका घेऊ नकोस; जमाखर्च तुला येतो, नुसते शब्द नवे आहेत. २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे बाहेरून घेता येतात. येणारा विषय असा निघाला की त्याचे वर्गाचे तास तुझ्या हातात उरतात. ते न येणाऱ्या विषयाला दे. तुझं स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे हे मला माहीत आहे.

आणि वर्ष वाचवायचीच हौस असेल तर याहून चांगली वाट आहे. २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी आहे, एक नियमित आणि दुसरी मुक्त किंवा ऑनलाइन पद्धतीने. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मुक्त पद्धतीने शिकवण्याचं काम करतं आहे. जे पंधरा तास तू सहा महिने वाचवायला घालणार होतीस, त्यांतून दुसरी पदवी उभी राहू शकते. तिथेही तो अभ्यासक्रम आयोगाच्या मान्य यादीत आहे ना, एवढं पाहून मगच पैसे भर.

कामाचा क्रम मात्र चुकवू नकोस. कोर्सला नाव घालण्याआधी त्याचा आराखडा छापून कॉलेजात घेऊन जा. स्वयंचं काम बघणारे प्राध्यापक असतात, त्यांना विचार की हा कोर्स आपल्या कोणत्या विषयाच्या जागी आणि किती क्रेडिटला धरला जाईल. उत्तर लेखी घे. प्राचार्यांच्या नावे अर्ज, त्यावर आवक क्रमांक, आणि एक प्रत स्वतःकडे. कोर्स आधी करून प्रमाणपत्र घेऊन येणारी मुलं मी पाहिली आहेत. कागद खरा, गुण चांगले, पण आधी मंजुरी नाही म्हणून गुणपत्रिकेत एक क्रेडिटही चढला नाही.

तुझं क्रेडिट बँकेचं खातं उघडलेलं नसेल तर डिजिलॉकरमधून उघड आणि अपार या विद्यार्थी-ओळखीचा बारा अंकी नंबर कॉलेजच्या नोंदीशी जुळतो का ते बघ. आधारवर 'वैष्णवी' आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं स्पेलिंग असेल तर आत्ताच नीट करून घे. त्या खात्यात क्रेडिट संस्था जमा करते, आपण नाही. जमा झालेले क्रेडिट फार तर सात वर्षं टिकतात, म्हणजे अडीअडचणीला मधे शिक्षण थांबलं तरी केलेलं वाया जात नाही. खान्देशात एखादं साल पाऊस दगा देतो आणि मुलींचं कॉलेज आधी थांबतं. मला विचारशील तर या सगळ्या बदलात आपल्या मुलींच्या सर्वांत उपयोगाचं हेच कलम आहे. लवकर संपवण्यापेक्षा मधे तुटलं तरी पुन्हा जोडता येणं मोलाचं.

एमएस-सीआयटी आणि टायपिंगची प्रमाणपत्रं यात मोजू नकोस. ती नोकरीच्या अर्जात उपयोगी पडतील, जपून ठेव.

तर या आठवड्यात एवढं कर. एका कागदावर लिही, पदवीनंतरच्या सहा महिन्यांत मी काय करणार. उत्तर बँक असेल तर गतिमान पदवी आपल्या कॉलेजात आहे का ते विचारून ये. दुसरं काही असेल तर अकाउंट्सचा एक कोर्स निवडून मंजुरीचा अर्ज टाक. काहीच सुचलं नाही, तर तीन वर्षं निवांत शिक, त्यात कमीपणा नाही. स्वयंच्या परीक्षेचं केंद्र जळगाव मिळालं तर आदल्या दिवशीच ये, सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहू नकोस.

ताईला आणि तुझ्या पप्पांना नमस्कार. अर्जाची आवक क्रमांकाची प्रत फोटो काढून मला पाठव.

तुझी,
मावशी