विंचूदंशाचा धडा : तातडीच्या उपचारांचे शिक्षण आणि डॉ. हिम्मतराव बावस्कर

रुग्णालयाच्या कामाची आकडेवारी या अहवालात अन्यत्र दिली आहे. या पानांवर आम्ही आमचे विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर थोडा अभ्यासाचा विषय ठेवीत आहोत. तातडीची वैद्यकीय सेवा म्हटली की खालापूर परिसरातील माणसाला प्रथम द्रुतगती महामार्गावरील अपघात आठवतो. ते स्वाभाविकच आहे. तथापि महामार्गापासून दूर, कर्जतच्या डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांमध्ये आणीबाणी फार निःशब्दपणे येते. मोळीतले लाकूड ओढताना, राबासाठी पालापाचोळा गोळा करताना किंवा भिंतीचा दगड हलविताना एखाद्या मुलाला विंचू चावतो आणि पुढील काही तासांत त्याचे जगणे-मरणे ठरते.

या प्रश्नावरील मोलाचे संशोधन आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, महाड येथे झाले आहे. एखाद्या डॉक्टरचे आयुष्य हेच तातडीच्या उपचारांचे शिक्षण कसे होऊ शकते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

बिरवाडीचे दिवस

डॉ. हिम्मतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. घरची परिस्थिती हलाखीची असतानाही त्यांनी नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. १९७६ साली महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची नेमणूक झाली. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात असे. तेथे त्यांनी जे पाहिले ते पाठ्यपुस्तकात नीट सापडत नव्हते. विंचू चावलेली धडधाकट माणसे व लहान मुले प्रथम ओकत, घामाने भिजत, हातपाय बर्फासारखे गार पडत आणि काही तासांनी छातीत पाणी होऊन दगावत.

केंद्रात यंत्रसामग्री जवळपास नव्हतीच. नाडी, रक्तदाब, श्वास, त्वचेचा थंडपणा आणि घड्याळ, एवढ्या साधनांवर त्यांनी रुग्णाशेजारी बसून तासातासाची नोंद ठेवली. धोका येण्यापूर्वी शरीर कोणत्या खुणा दाखविते, यासंबंधीचे त्यांचे लेखन १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकाने छापले. डोळसपणे पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे हा या चरित्राचा पहिला धडा होय.

विष काय करते?

आपल्याकडे लोक मोठ्या काळ्या इंगळीला अधिक भितात. प्रत्यक्षात घातक ठरतो तो आकाराने लहान असा तांबडा विंचू. त्याच्या विषामुळे शरीरातील स्वयंचलित मज्जासंस्था एकाएकी उधळते. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य भार पडतो आणि अखेरीस ते थकून फुप्फुसांत पाणी साठू लागते.

यंत्रणा समजली की उपायही सुचतो. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे एक औषध शिरेवाटे देता येत असे, परंतु त्यासाठी थेंबाथेंबावर सतत पहारा लागे. खेड्यात ते कसे जमावे? तेव्हा डॉ. बावस्करांचे लक्ष प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीकडे गेले. ती तोंडाने देता येते, स्वस्त आहे आणि विषाने बिघडविलेल्या नेमक्या जागी काम करते. हे अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. या कार्यात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचा बरोबरीचा वाटा आहे. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिनच्या वापरानंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.

स्वतःच्या औषधाचीही परीक्षा

दुसरा धडा आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. एवढे यश मिळाल्यावर कोणीही तेथेच थांबला असता. या दांपत्याने मात्र महाड येथे ७० रुग्णांचे दोन गट करून एका गटाला केवळ प्राझोसिन व दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला विंचूदंशावरील प्रतिविष दिले. १० तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला गेला. आपल्याच उपचारात उणीव असू शकते असे मानून ती शोधणे आणि जगासमोर मांडणे, यालाच खरी विद्वत्ता म्हणतात. २०२२ साली भारत सरकारने डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविले.

शिक्षण हेच औषध

तिसरा धडा आम्हा सर्वांसाठी आहे. गोळी स्वस्त असली तरी ती योग्य वेळी देणारा माणूस तयार करावा लागतो. रुग्ण प्रथम ज्याच्यासमोर येतो तो बहुधा तज्ज्ञ नसतो. तो आरोग्य केंद्रातील नवखा डॉक्टर, रात्रपाळीची परिचारिका किंवा पाड्यावरील आशाताई असते. गार पडलेले हात आणि घामेजलेले कपाळ पाहून धोका ओळखण्याची दृष्टी त्यांच्यापाशी हवी. आपल्या देशात तातडीचे वैद्यक या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली, आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली २०१४ साली. वाहन आले, शाखा आली. परंतु वाडी ते रुग्णालय या अंतरातील ज्ञान आपल्यालाच पोहोचवावे लागणार आहे.

नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे

विंचू चावल्यास रुग्णास धीर द्यावा, निजवून ठेवावे आणि विलंब न करता रुग्णालयात आणावे. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. जागा कापू नये, करकचून बांधू नये, झाडपाला लावण्यात किंवा मंत्र घालण्यात वेळ दवडू नये. ओकारी, दरदरून घाम, लाळ गळणे, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची लक्षणे होत. वेदना कमी आहे म्हणून संकट टळले असे कदापि समजू नये. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, म्हणून ते घरी आपल्या मनाने देऊ नये. ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असते.

एक विनंती

अहवालात आम्ही दरवर्षी यंत्रांची व खाटांची यादी छापतो, कारण ती दिसतात. परिचारिकेने एका रात्री ओळखलेली लक्षणे कोणत्याही यादीत दिसत नाहीत आणि त्यांच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही बिरवाडीच्या त्या लहानशा केंद्रात यंत्रांच्या अभावी जे ज्ञान जन्मले, त्याने असंख्य घरांतील दिवे विझू दिले नाहीत. म्हणून आमची नम्र विनंती आहे की, देणगीचा विचार करताना वास्तू व उपकरणे यांच्याबरोबरच प्रशिक्षणासाठीही काही वाटा राखावा. पहिल्या पावसापूर्वी शिकलेला एक माणूस पावसाळाभर एका संपूर्ण वाडीच्या उपयोगी पडतो.