हिशेबाची दुसरी प्रत : डाटाबेस बॅकअप आणि मध्यवर्ती व्यवस्था

१२ जून २०२३ रोजी आपल्या भोपाळ शहरातील सतपुडा भवनास आग लागली. तिसऱ्या मजल्यावर सुरू झालेली ही आग सहाव्या मजल्यापर्यंत पोहोचली आणि सरकारी खात्यांच्या हजारो फायली भस्मसात झाल्या. इमारत पुन्हा बांधता येते. परंतु ज्या कागदाची दुसरी प्रत नाही, तो कागद कोणासही परत आणता येत नाही. व्यापाऱ्याच्या वहीलाही हाच न्याय लागू आहे.

आज आपल्या पेढ्यांची कीर्द व खतावणी संगणकावर गेली आहे. करोंदच्या मंडीतील खरेदी, वजनाच्या नोंदी, आडत, बिले आणि उधारी हे सारे एका डाटाबेसमध्ये साठते. केंद्रीय जीएसटी नियम ५७ अन्वये अशा नोंदींचा योग्य बॅकअप ठेवणे आवश्यक असून, अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत त्या पुन्हा उभ्या करता आल्या पाहिजेत. शिवाय कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावे लागतात. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्या पोराचा नसून मालकाचा आहे.

नुसती नक्कल का पुरत नाही

मुनीम लिहीत असतानाच कोणी वहीची नक्कल उतरू लागला, तर नावेची बाजू येईल आणि जमेची राहून जाईल. चालू डाटाबेसच्या फायली पेनड्राइव्हवर ओढून घेतल्यास हाच प्रकार घडतो. हा दोष टाळण्यासाठी बॅकअप एजंट असतो. हा सर्व्हरवर बसविलेला छोटा प्रोग्राम डाटाबेसशी त्याच्याच रीतीने बोलतो आणि दोन्ही बाजू जुळलेली प्रत मिळवितो.

डाटाबेस प्रत्येक व्यवहार प्रथम लॉगमध्ये लिहितो. ही त्याची कीर्द होय. मुख्य फायली ही त्याची खतावणी. रात्री पूर्ण बॅकअप आणि दिवसा दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप घेतला, तर दुपारी चार वाजता डिस्क बिघडली तरी फार तर शेवटच्या १५ मिनिटांच्या नोंदी पुन्हा लिहाव्या लागतील.

मध्यवर्ती व्यवस्थेशी जोडणी

ज्यांची पेढी, गोदाम आणि डाळमिल निरनिराळ्या ठिकाणी आहेत, त्यांनी प्रत्येक सर्व्हरवर एजंट बसवून ते एका मध्यवर्ती सॉफ्टवेअरशी जोडावेत. प्रत केव्हा घ्यावी, कोठे ठेवावी, किती महिने ठेवावी हे तेथून ठरते आणि काम चुकले तर तेथेच कळते. जोडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. एजंट, डाटाबेस आणि मध्यवर्ती सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात की नाही, हे आधी पाहावे.

२. एजंटास स्वतंत्र खाते द्यावे आणि कामापुरतेच अधिकार द्यावेत. तिजोरीची सर्व किल्ल्यांची जुडी हमालाच्या हाती कोणी देत नाही.

३. एका कीर्दीस दोन मुनीम नसावेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुनी व्यवस्था आणि नवा एजंट असे दोघेही लॉगचा बॅकअप घेऊ लागले, तर साखळी दोन ठिकाणी विभागते आणि ऐन वेळी मधली कडी सापडत नाही. नवा एजंट सुरू करताना जुने काम बंद करावे.

४. ज्या हिशेबाच्या प्रोग्रामसाठी एजंट नाही, त्यात प्रोग्रामच्याच सोयीने बॅकअप काढावा आणि ती फाईल मध्यवर्ती व्यवस्थेच्या स्वाधीन करावी.

५. एक प्रत नेहमीच्या जाळ्यापासून अलग, शक्य तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या सर्व्हरवर हल्ला होऊन कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. परंतु एक बॅकअप सर्व्हर बचावल्यामुळे ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली.

कित्येक सभासद विचारतील की, लहान पेढीने हा खर्च कसा सोसावा? चार-सहा जणांनी मिळून सामाईक व्यवस्था करता येईल. यावर रास्त शंका अशी की, एकाचे भाव आणि गिऱ्हाईक दुसऱ्यास कळतील. म्हणून प्रत आपल्याच सर्व्हरवर सांकेतिक करून मगच बाहेर पाठवावी आणि तिची किल्ली ज्याची त्याने ठेवावी. मात्र किल्ली हरवल्यास प्रत असूनही नसल्यासारखीच. तेव्हा तीही दोन विश्वासू ठिकाणी असावी.

प्रत ताडून पाहणे

षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जपली गेली. तिच्या प्रती बाहेर आल्यावर १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तिचे खंड प्रसिद्ध झाले. आपल्या शेजारच्या विदिशाचे, तेव्हाच्या भेलशाचे, शेठ लक्ष्मीचंद्र यांनी त्यासाठी निधी दिला. हातोहात उतरलेल्या प्रतींत चुका शिरतात, म्हणून पुढे पाठ मूळ ताडपत्रांशी ताडून पाहिला गेला. आपल्या पूर्वजांनी जतन आणि पडताळणी ही दोन्ही कर्तव्ये मानली.

तोच नियम येथे पाळावा. ‘बॅकअप यशस्वी’ एवढ्या संदेशावर विसंबू नये. दर तिमाहीस एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करावी, ताळेबंद आणि दोन-चार खात्यांची शिल्लक मूळ वहीशी जुळवावी, किती वेळ लागला ते टिपून ठेवावे. हे काम करणाऱ्याचे नाव ठरलेले असावे आणि त्या टिपणावर मालकाने स्वतः सही करावी. दिवाळीला ज्या वहीचे आपण पूजन करतो, तिची दुसरी प्रत शाबूत आहे की नाही हे पाहणे हाही त्या पूजनाचाच भाग होय.